दुखवट्याचे बाचांग

चुआंचौ,
२४ जून १९९६

चि. सूमेईस,
ताईचे अ. आ. वि. वि.

नववर्षाआधीच्या त्या सकाळी शेगडी पेट धरायला तयार नव्हती. कोळशाच्या वड्या थंडीने ओलावल्या होत्या. वारा घालून घालून एकदाची पेटली, तशी तिच्यावर पेज चढवली आणि मागच्या बाजूला ह्यांचा काढा उकळत ठेवला. मग ह्यांचे कामाचे कपडे अंगणात नेऊन झटकले. चाळीस वर्षं रोज झटकत होते, तरी त्यांतून दगडाची भुकटी निघायची ती निघायचीच. कोबी चिरला, मुळ्याच्या फोडींना मीठ लावलं, उंबरा धुतला. उंबऱ्यावरचं पाणी सुकतं न सुकतं तोच दारात लोरेदाना उभी. एका हातात कॅलेंडर, दुसऱ्या हातात मुलीचा हात.

लोरेदाना कोण ते तुला आधी लिहिलं आहे, पण तुझं वय झालं, विसरली असशील. ह्यांच्या दगडाच्या कारखान्यात इटलीहून कापायची यंत्रं आली, त्यांच्याबरोबर एर्मानो नावाचा मिस्त्री आला, ही त्याची बायको. मुलगी ओर्सोला, सात वर्षांची. गल्लीच्या टोकाला कारखान्याचं दुमजली घर आहे, तिथे राहतात. आईला आपल्या बोलीतलं ओ की ठो कळत नाही. मुलगी मात्र चार महिन्यांत गल्लीतल्या पोरांकडून शिव्यांसकट सगळं शिकली, आणि तीच आईचं बोलणं आम्हांला सांगते. मला आजी म्हणून आमा अशी हाक मारते.

त्या सकाळी तिने सांगितलं, की आईने आपल्या सगळ्या सणांना कॅलेंडरवर गोल केले आहेत आणि तिला ते वर्षभर पाहायचे आहेत, पण लांबून नाही, हाताने करून. सूछिन आमा शिकवशील का? आतून हे खोकत म्हणाले, की शिकवेल, माझा शब्द, पण शिकवताना ओरडेल, तेवढं सोसायची तयारी ठेवा. मुलीने ते आईला सांगितलं. आई हसली. मीही हसले. नववर्षापासून सुरुवात करायची असं ठरलं.

नववर्षाचे गोड केक तिने माझ्या स्वयंपाकघरात वाफवले. कंदिलांच्या पौर्णिमेला माझ्याबरोबर तांदळाच्या पिठाच्या गोळ्या वळल्या. त्यानंतर नऊ दिवसांनी हे गेले.

आता पाचव्या महिन्याची पंचमी येऊन गेली. तुला नियम सांगायला नको. घरातलं माणूस जाऊन वर्ष झालं नसेल, तर त्या घराने पानांत तांदूळ आणि सारण भरून बाचांग बांधायचे नाहीत. आपल्या माणसांनी आणून द्यायचे, आपण खायचे. मी नियम पाळला. पानं आणली नाहीत, तांदूळ भिजवला नाही. केसांत दुखवट्याचं पांढऱ्या लोकरीचं फूल माळून उंबऱ्यावर बसले, आणि डोळ्यांदेखत लोरेदाना माझ्या दारावरून पुढे ओंगबाईच्या घरात गेली.

ओंगबाई, माझ्या भिंतीला भिंत लावून राहते ती. आठ दिवस ती बया त्या बाईला शिकवत होती. सूमेई, खोटं कशाला लिहू? माझा नुसता जळफळाट झाला. ओंगबाईच्या सारणात चेस्टनट हुडकावा लागतो. सुक्या कोळंबीत ती हात आखडता घेते आणि मग सोया सॉस ओतून रंग आणते. भिंतीपलीकडून मला ऐकू जाईल अशा आवाजात मुलीला सांगत होती, की बाचांग गच्च आवळून बांधावा, नाहीतर उकळताना शेजारणीसारखा सगळं ओकून टाकतो. मुलीने ते आईला सांगितलं असेल. दोघी हसल्या.

पंचमीला सगळी गल्ली खाडीवर गेली. तेलकट बांबूवरून घसरत जाऊन पाण्यातली बदकं पकडणारी पोरं तुला आठवतात ना? मी घरीच होते. दुपारी दारावर थाप पडली. ओर्सोला. हातात एका दोरीला लटकलेले दहा बाचांग. म्हणाली, आमा, हे तुला. मी बघितलं तर एक लांबट, एक गोल, एकाचं पान फाटून भात बाहेर आलेला, गाठी तर अशा, की सोडवायला कात्री लागेल. मनात म्हटलं, ओंगबाईने चांगले आपल्या घरी ठेवले आणि टाकाऊ माझ्या दारी धाडले. मुलीला सांगितलं, की आमच्याकडे आहेत, परत घेऊन जा. आणि दार लावलं.

घरात एकही बाचांग नव्हता. रात्री पेजच जेवले.

हे असते तर म्हणाले असते, की भुकेलेल्याने मान दाखवू नये. पण हे नाहीत.

तब्येतीला जप. लोभ आहेच, तो आणखी वाढवायची गरज नाही, कमी मात्र करू नकोस.

तुझी ताई,
सूछिन

---

मनिला,
११ जुलै १९९६

ती. ताईस,
धाकटीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. माझं वय झालं हे वाचून बरं वाटलं, कारण तू माझ्याहून तीन वर्षांनी मोठी आहेस. इकडे सगळे ठीक. ह्यांच्या दुकानात पावसाचं पाणी शिरलं, खिळ्यांची खोकी वर उचलता उचलता ह्यांची कंबर धरली. आता खाटेवर पडून सगळ्यांना हुकूम सोडतात. म्हणजे आधीसारखंच.

ताई, तुझ्या पत्रातली एक ओळ मी तीनदा वाचली. बाचांग लांबट होते, पानं फाटलेली होती, गाठी वेड्यावाकड्या होत्या, असं तू लिहितेस. ओंगबाई पन्नास वर्षं बाचांग बांधते आहे. तिच्या सारणाला नावं ठेव, तिच्या जिभेला ठेव, मीही ठेवीन. लहानपणी तिने माझी रिबीन पळवली होती ती मी विसरलेले नाही. पण ओंगबाईची गाठ कधी वाकडी पडली आहे का? डोळे बांधून दिले तरी ती सरळ बांधील.

ते बाचांग तिने बांधलेले नव्हते. ज्या बाईने जन्मात पहिल्यांदा पान दुमडलं, तिने ते बांधले. ती आठ दिवस ओंगबाईकडे का जात होती, असं तुला वाटतं? तिला कोणीतरी सांगितलं असणार, की दुखवट्याच्या घरी बाचांग आपल्या माणसांनी नेऊन द्यायचे असतात. तुझा लेक शेनझेनला, मी इथे. तुझ्या दारी ते आणणार कोण, असा विचार करून ती शिकली. आणि तू दार लावलंस.

आपल्याकडे दुखवट्याचे बाचांग परत पाठवणं म्हणजे काय, हे तुला माहीत आहे. तुम्ही आमच्यातले नाही, असं सांगणं. मुलीला ते ठाऊक नसेल. पण बाचांग घेऊन ती ओंगबाईच्या घरी परत गेली असेल, आणि ओंगबाईला ठाऊक आहे. तिने सांगितलं नसेल असं तुला वाटतं?

मी इथून चुकत असेन तर मला वेडी म्हण. चुकत नसेन तर काहीतरी कर.

रागावशील, तरी पत्राला उत्तर देण्यापुरता लोभ ठेव.

तुझी,
सूमेई

---

चुआंचौ,
३० जुलै १९९६

चि. सूमेईस, अ. आ.

पत्र मिळालं. आवडलं नाही.

तू सत्तेचाळीस वर्षांपूर्वी गल्ली सोडलीस. समुद्रापलीकडे बसून गाठीवरून माणूस ओळखायला तू काही न्यायाधीश नाहीस. इकडे उकाडा फार आहे. ह्यांच्या फोटोसमोरची उदबत्तीसुद्धा वाकते.

तुझ्या यजमानांच्या कमरेला आल्याचा शेक द्यावा.

सूछिन

---

चुआंचौ,
४ ऑक्टोबर १९९६

चि. सूमेईस,
ताईचे अ. आ. वि. वि.

दोन महिने लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं असं नाही. तू लिहिलं होतंस तेच खरं निघालं, हे कागदावर उतरवायला हात होत नव्हता.

आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला ओंगबाईच्या अंगणात फाशांचा खेळ झाला. यंदा मी कुणाच्या घरी जायचं नाही, कुणाला बोलवायचं नाही. संध्याकाळी अंगणात बसून शेंगा सोलत होते. चिनी मातीच्या वाडग्यात सहा फासे पडले की कसा आवाज होतो, तुला माहीत आहे. तो आवाज आपल्या घरात असताना गोड लागतो. भिंतीपलीकडून आला तर दाढदुखीसारखा ऐकावा लागतो. प्रत्येक वेळी फासे पडले की मी मनात मोजायची. मग एकदम आरडाओरडा झाला, आणि गल्लीतली पोरं ओरडू लागली, की ओर्सोलाला चार लाल चौके पडले, पहिला मान तिचा. सगळ्यांत मोठा मूनकेक तिला मिळाला. तिने तो डोक्यावर घेऊन अंगणभर मिरवला असं ओंगबाईने दुसऱ्या दिवशी मला सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

आणि सूमेई, त्या गोंगाटात मी तिची हाक ऐकली. आमा, आमा, बघ. आमा म्हणून ती मला हाक मारायची. आता ओंगबाईला मारते.

दुसऱ्या दिवशी ओंगबाई भिंतीवर कोपर ठेवून उभी राहिली. मूनकेकचं सांगून झालं, मग मला म्हणाली, की तुला देवाने डोळे दिले पण चष्मा द्यायचा विसरला. त्या परक्या बाईने आठ दिवस माझी निम्मी पानं फाडली, बोटं भाजून घेतली, नवरा आणि मुलगी बदकं बघायला निघाली तरी गेली नाही, माझ्या चुलीपाशी बसून राहिली. सत्तर बांधले, त्यांतले धड दहा निवडले आणि ते तुझ्याकडे पाठवले. आणि तू ते परत धाडलेस. मी तिला परत धाडण्याचा अर्थ सांगितला, कारण ती विचारत होती. मी खोटं का बोलू?

मी ओंगबाईला म्हटलं, तुला तेव्हाच मला सांगता आलं नाही का? ती म्हणाली, तू विचारलंस का? तीन महिने तू माझ्या अंगणाकडे असं बघतेस, जसं काही मी तुझा नवरा पळवला आहे. असं म्हणून तिने जीभ चावली. खरंच चावली. मग आत गेली आणि भांडी आपटत बसली.

ते दहा धड होते, सूमेई. सत्तरातले धड.

आता खरं लिहिते. ओंगबाईचं बोलणं ऐकून मला वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त हेवा वाटला. लोरेदाना आठ दिवस माझ्यासाठी बसली होती, पण बसली होती ओंगबाईच्या चुलीपाशी. बोटं भाजली तेव्हा तेल लावलं ते ओंगबाईने. तो वेळ माझा होता. ह्यांनी शब्द दिला होता, की सूछिन शिकवेल. ह्यांनी दिलेला तो शेवटचा शब्द, आणि तो पाळला ओंगबाईने.

लोरेदाना वाटेत भेटली तर मान लववते. थांबत नाही. मीही थांबत नाही. काय सांगू? माफी मागायची तर मुलीच्या तोंडून मागायला लागणार.

काल कारखान्यातला पहारेकरी सांगत होता, की यंत्रांचं काम पुरं झालं. पाच जानेवारीला इटलीची मंडळी जातील. आपलं नववर्ष फेब्रुवारीत. आणि दुखवटा सुटतो तो मार्चमध्ये. म्हणजे एकही सण माझ्या हातात उरला नाही. डिसेंबरातल्या हिवाळ्याच्या संक्रांतीच्या गोळ्यासुद्धा ती ओंगबाईकडेच वळणार. इटलीत गेल्यावर तिला कुणी विचारलं, की हे सगळं कुणी शिकवलं, तर ती काय सांगेल, ते मला ऐकू येतं.

तू बरोबर होतीस. एवढं लिहून झाल्यावर आता मला झोप येईल.

चुकलेल्या बहिणीवर लोभ असू दे, हे तुझ्यासारख्या बरोबर असणाऱ्या बाईला जड जाऊ नये.

तुझी ताई,
सूछिन

---

मनिला,
२२ नोव्हेंबर १९९६

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

उशीर झाला. ह्यांची कंबर बरी झाली आणि मग मी पडले, ताप होता. आता उठते, बसते, चिडते.

तुझं पत्र वाचून मी तुझी समजूत घालणार होते, पण आधी माझं ऐक. तू ओंगबाईचा हेवा करतेस. मी कुणाचा करते, माहीत आहे? त्या लोरेदानाचा. तुझं पहिलं पत्र आल्यापासून. ती आपल्या गल्लीत राहते. ती सकाळी दार उघडते तेव्हा तिला तुझी शेगडी दिसते. आपल्या आईच्या ओट्यावर तिने गोळ्या वळल्या. मी सतरा वर्षांची असताना बोटीत बसले, त्यानंतर एकदाच आले, तेही सणाचे दिवस नव्हते. पाचव्या महिन्याच्या पंचमीला ती फाडलेली पानं बघत बसली, आणि मी इथे दुकानाचा गल्ला सांभाळत होते. तुम्ही दोघी म्हाताऱ्या कुणाचं सारण सरस म्हणून भांडता. मला त्या भांडणाचासुद्धा हेवा वाटतो. इथे माझ्या बाचांगला नावं ठेवणारं कुणी नाही. सगळे म्हणतात छान आहे. छान नसताना म्हणतात.

आता कामाचं.

मी इथे आले तेव्हा इथल्या लोकांचा मोठा सण डिसेंबरात असतो हे मला कळलं. शेजारच्या रेमेडिओसने मला बोलावलं, वाढलं, शिकवलं. तारेचे कंदील कसे करायचे, हॅम कसा भाजायचा, कुठली गाणी म्हणायची. मी सगळं शिकले. वीस वर्षं दर डिसेंबरला तिच्या घरी पाहुणी म्हणून गेले, खाल्लं, छान म्हटलं, घरी आले आणि रडले. का रडते ते मलाही कळत नव्हतं. मग एका वर्षी आपल्या नववर्षाच्या आदल्या दिवशी रेमेडिओस माझ्या स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. हात धुतले आणि म्हणाली, की आज तू काय करतेस ते मला शिकव, मी वीस वर्षांत विचारलंच नाही. तिचा केक करपला. आम्ही तो करपलेला खाल्ला. त्या दिवसापासून मी या देशात पाहुणी राहिले नाही.

परक्या माणसाला सगळे शिकवतात, ताई. त्याला विचारत कुणी नाही.

ओंगबाईने त्या बाईला वर्षभर आपले सण दाखवले. तुमच्याकडे काय करतात, असं एकदा तरी विचारलं असेल का? मी ओंगबाईला ओळखते. तिने विचारलेलं नाही.

आणि दुसरी गोष्ट. दुखवट्याचे नियम आपल्या सणांचे आहेत. बाचांग नको, गोळ्या नकोत, गोड केक नको, लाल कागद नको, सणाला कुणाच्या उंबऱ्याच्या आत पाऊल नको. पण पंचवीस डिसेंबरबद्दल आपल्या कुठल्याही म्हातारीने काही सांगून ठेवलेलं नाही. तो सण आपल्या पंचांगात नाही. परक्या सणाला आपला दुखवटा लागत नाही.

शिकवायचं तुझ्या हातून राहिलं. शिकायचं राहिलेलं नाही. वाचायला तुला कुणी शिकवलं नव्हतं. पत्र लिहून देणारा माझी पत्रं तुझ्याआधी वाचतो, याचा राग आला म्हणून चाळिशीच्या जवळ आलेली असताना तू अक्षरं शिकलीस. हेव्यानेच शिकलीस. मग आता काय अडलं?

लोभ आहे, तो समुद्र ओलांडून येतो म्हणून थोडा ओला असतो, चालवून घे.

तुझी,
सूमेई

---

चुआंचौ,
२३ डिसेंबर १९९६

चि. सूमेईस,
ताईचे अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र आठ दिवसांपूर्वी मिळालं. चार दिवस ते ह्यांच्या फोटोमागे ठेवलं आणि मग काढून परत वाचलं.

परवा हिवाळ्याची संक्रांत झाली. ओंगबाईकडे दुपारभर पीठ मळणं चाललं होतं. लोरेदाना होतीच. संध्याकाळी ओंगबाई स्वतः वाडगा घेऊन माझ्या दाराशी आली. लाल-पांढऱ्या गोळ्या, आल्याच्या पाकात. ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली आणि म्हणाली, की घ्यायच्या असतील तर घे, नसतील तर मांजराला घालते, पण मांजर खात नाही. मी वाडगा घेतला. तिच्यासमोर एक गोळी खाल्ली. गूळ कमी होता. मी बोलले नाही. यात माझी किती शक्ती गेली, ते तुला कळेल.

ती म्हणाली, की गोळ्यांतल्या लहान आहेत त्या मुलीच्या हातच्या. मी वाडग्यात बघितलं. लहान सहा होत्या. त्या मी शेवटी खाल्ल्या.

आज दुपारी केस विंचरले, लोकरीचं फूल नीट लावलं आणि गल्लीच्या टोकाला गेले. ओंगबाईने दारातून विचारलंच, की इकडे कुठे. मी म्हटलं, पाय मोकळे करायला. या थंडीत, असं ती म्हणाली. मी म्हटलं, माझेच पाय आहेत.

दार ओर्सोलाने उघडलं. सहा महिन्यांत पोर केवढी उंच झाली आहे, आणि पुढचा दात पडला आहे. मागे खोल्यांत खोकी भरायला घेतली होती. भिंतीवरचं ते कॅलेंडर अजून तिथेच होतं, सगळे गोल दिसत होते. लोरेदाना ओल्या हातांनी बाहेर आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. तिने बस म्हटलं नाही. म्हणावं तरी का?

मी मुलीला सांगितलं, की माझं बोलणं आईला सांग, एक शब्द गाळू नकोस, गाळलास तर मला कळेल. मग मी म्हटलं, की पंचमीला तुझ्या आईने बांधलेले बाचांग मी परत पाठवले. ते ओंगबाईने उरलेसुरले पाठवले असं मला वाटलं. मी ओंगबाईवर जळत होते. तुझ्या आईवर नाही. पण दार लागलं ते तुझ्या आईवर.

मुलीने विचारलं, की जळत होते म्हणजे काय, कशाने भाजलं का. मी म्हटलं, तुझ्या मैत्रिणीकडे तुझ्याहून छान पतंग असला की पोटात जे होतं ते. ती म्हणाली, हां, ते. आणि आईला सांगू लागली. ती बराच वेळ सांगत होती. माझं बोलणं एवढं लांब नव्हतं.

लोरेदाना हसली नाही. तिने काहीतरी विचारलं. मुलीने सांगितलं, की आई विचारते, म्हणजे आम्ही तुमच्यातले आहोत की नाही? मी म्हटलं, ते विचारायला मी आले आहे, सांगायला नाही. मग तुझं वाक्य वापरलं. म्हटलं, तुझा मोठा सण परवा आहे. तुमच्या घरी त्या दिवशी काय करतात? मला दुखवटा आहे, मला माझे सण करता येत नाहीत, पण तुझा सण माझ्या नियमात नाही. मला शिकव.

ती बाई मटकन स्टुलावर बसली. तोंडावर ओला हात ठेवला. मुलगी आईकडे बघून घाबरली, मला विचारू लागली, की तू तिला वाईट काही बोललीस का. मी म्हटलं, मी काय बोलले ते तूच सांगितलंस.

मग लोरेदाना बोलली. मुलगी सांगत गेली. त्यांच्या गावी पण दगडाच्या खाणी आहेत, पांढऱ्या. तिचे वडील तिथे होते, तेही खोकून गेले. सणाला तिची आई मैद्याची पारी लाटून त्यात मांस आणि पालेभाजी भरते, अर्धचंद्र करते, टोर्डेल्ली म्हणतात त्यांना. शंभराहून कमी केले तर घराला लाज. गेल्या डिसेंबरात इथे एकटीने करायला घेतले आणि निम्म्यावर सोडून दिले, कारण समोर बसून भरायला दुसरं कुणी नव्हतं. वर्षभर या गल्लीत सगळ्यांनी तिला पुष्कळ दिलं. हे मात्र तिला कुणी विचारलं नव्हतं.

मी विचारलं, ओंगबाईनेसुद्धा नाही? मुलीने मान हलवली. सूमेई, तुला खोटं लिहिणार नाही. मला त्या क्षणी जे वाटलं ते चांगलं नव्हतं, पण गोड होतं.

आई म्हणते उद्या सकाळी आठ वाजता ये, आणि ती ओरडेल, तेवढं सोसायची तयारी ठेव, असं मुलीने सांगितलं. हे शब्द ह्यांचेच. लोरेदानाने ते लक्षात ठेवले होते. गल्लीत आले आणि ओंगबाईच्या भिंतीपाशी थोडी थांबले.

आता संध्याकाळ झाली आहे. जावं की नाही ते अजून ठरत नाही. नियमात नाही म्हणजे करावंच असं थोडंच आहे? ह्यांना जाऊन वर्ष झालं नाही, आणि मी कणकेत हात घालून हसत बसायचं का, असंही मनात येतं. फोटोकडे बघते. हे काही सांगत नाहीत. जिवंत असतानाही ऐन वेळी हे बाहेर निघून जायचे.

पत्र उद्या टाकीन. तुझा ताप परत आला तर अंगावर काढू नकोस. इथून तुझ्या कपाळावर हात ठेवता येत नाही, तेव्हा हा कागदच ठेव.

तुझी ताई,
सूछिन

ता. क. पत्र टाकायचं राहिलं, म्हणून पुढचं लिहिते. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता मी लोरेदानाकडे गेले, बाह्या वर केल्या, आणि दुपारी दोनपर्यंत तिच्यासमोर बसून एकशे चौदा टोर्डेल्ली भरले. पहिले वीस तिने परत उघडायला लावले. घरी येताना ओंगबाई दारात उभी होती. तिला एक वाडगा दिला. कसे करतात ते सांगितलं नाही.